कोथिंबिरीला तिकीट विचारणारे उत्तमभाऊजी

आमच्या शेजारचे उत्तमभाऊजी आठवडी बाजारात गेले की पिशवी नंतर उघडतात. आधी कोथिंबिरीची जुडी उचलतात, चष्म्यासमोर धरतात आणि विचारतात, "कुठून बसली?"

विकणाऱ्याला नाही विचारत, बरं का. जुडीला विचारतात.

जुडी गप्प. मग तिच्या वतीनं भाजीवाला बोलतो, "नाशिकची हाये काका. एकदम ताजी."

"नाशिक," भाऊजी हळहळतात. "येवढ्या लांबून उभ्यानंच आली असन बिचारी. पाह्य, मान कशी पडली तिची. उतरव तिले खाली."

आणि जुडी परत ढिगावर.

भाऊजी मेहकर डेपोत कंडक्टर होते. मेहकर ते देऊळगाव राजा, मेहकर ते वरवट बकाल, अर्धा जिल्हा त्यांनी गाडीत उभ्या उभ्या पाहिला. रिटायर झाले, पण सवय काही खाली उतरली नाही. विचारायला माणसं राहिली नाहीत म्हणून ते भाज्यांकडे वळले. मी एकदा म्हटलंसुद्धा, "भाऊजी, तीस वर्षं लोकायले विचारलं तेवढं पुरे नाही झालं का?"

"वैनी," ते म्हणाले, "माणूस तिकीट चुकवाले खोटं बोलते. भाजी नाही बोलत. तिचा इकणारा बोलते."

एसटीत सहा किलोमीटरचा एक टप्पा धरतात. भाड्याचा सगळा हिशोब त्या टप्प्यांवर. भाऊजींचा नियम असा, की मेहकरपासून तीन टप्प्यांच्या आत पिकलं असेल तेच त्यांच्या पोटात जाईल. त्यापुढचं गाडीत घ्यायचं नाही. बाईनं स्वतः पिकवून स्वतः विकायला आणलेली भाजी असेल तर सहा टप्प्यांपर्यंत चालते, कारण बायांना एसटीत अर्धं तिकीट असतं.

हा नियम ऐकून मी त्यांना सहज विचारलं होतं, "अन् मीठ?"

आता मेहकरला काही समुद्र नाही. भाऊजी दोन दिवस आमच्या दारावरून गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "मिठाले पास देऊन टाकला. आमदाराले असते ना, तसा. कुठूनही बसा, कुठंही उतरा."

"अन् चहा?"

"चहा ज्येष्ठ नागरिक. त्याले कोण अडवते."

साखर मात्र पकडली गेली. आठ दिवस त्यांच्या घरी बिनसाखरेचा चहा झाला. मग त्यांची बायको शेवंता माहेरी जायची पिशवी भरायला लागली, तेव्हा साखरेला अर्धं तिकीट मिळालं. म्हणजे अर्धा चमचा. शेवंता उरलेला अर्धा चमचा माझ्या घरी येऊन घेते. बिस्किटंही माझ्याच घरी खाते. गेली चार वर्षं तिचा पुडा माझ्या ज्वारीच्या कोठीमागे असतो, आणि खाताना ती दाराकडे बघत बघत खाते.

त्यांचे जावई पुण्याला असतात, मोठे गुणी माणूस. एकदा येताना किवी घेऊन आले. केसाळ, उंदराच्या पाठीसारखं ते फळ. भाऊजींनी हातात घेतलं.

"हे कुठून बसलं?"

"न्यूझीलंडहून, मामा."

भाऊजींनी ते फळ दोन्ही हातांनी परत दिलं, पाहुण्याला नारळ देतात तसं. म्हणाले, "जावईबापू, इमानानं उडत आलेल्याले आपल्या घरी कुठं बसवता? त्याले एखाद्या हाटेलात उतरवा."

किराणा दुकानात त्यांचं असंच. तिथे चकचकीत पिशवीतली तूरडाळ दिसली की ते दुकानदाराला उभं करतात. "ही तूर आपल्याच तालुक्यातली असन. इथून टरकात बसली, मिलमधी गेली, अंग घासून पालिश करून घेतलं, मुंबईले जाऊन पिशवीत शिरली अन् पुन्हा इथंच येऊन उतरली. जाण्यायेण्याचं तिकीट कोण काढलं? मी?"

दुकानदार गरीब माणूस. तो विचारतो, "काका, डाळ घ्याची हाये का जबाब घ्याचा हाये?"

आणि पनीरचा किस्सा तर वस्तीत सगळ्यांना पाठ आहे. एका लग्नात वाढपी पनीर घेऊन आला. भाऊजींनी ताटावर हात आडवा धरला. "कोणाच्या म्हशीचं?"

"म्हशीचं कायचं काका, डब्यातलं हाये."

"डबा कोणाच्या गोठ्यात बांधता?"

मागे दहा माणसं उभी, वाढपी घामाघूम, नवरदेवाचा बाप हात जोडतोय. तेव्हापासून कुणाच्याही लग्नात भाऊजींना पहिल्या पंगतीला बसवत नाहीत. उत्तर द्यायला एखादा माणूस मोकळा झाला की मगच बसवतात.

आता मूळ गोष्टीकडे येते. त्यासाठी नानासाहेबांबद्दल सांगावं लागेल.

नानासाहेब म्हणजे देऊळगाव राजाच्या रस्त्यावर दोन टप्प्यांवर पंचवीस एकराचे मालक. आधी त्यांचं खतं-औषधांचं दुकान होतं. आमच्या भागात तणनाशक पहिल्यांदा त्यांनीच आणलं. दुकानावर पाटी लावली होती, "एक पंप, बारा बायांचं काम." आम्ही निंदायला, म्हणजे खुरप्यानं तण काढायला, जायचो ते त्या पाटीखालूनच. मी शाळेत गेले नाही, पोरांची पुस्तकं वाचून वाचून अक्षरं शिकले, आणि सरळ वाचता यायला लागल्यावर जी पहिली मोठी पाटी वाचली ती ही. मोजून पाहिलं तर त्या दिवशी आम्ही बाराच जणी होतो.

मग तसंच झालं. दोन-चार वर्षांत सगळीकडे फवारणीचे पंप आले आणि निंदणाची बोलावणी बंद झाली. तणासोबत बांधावरची चिवळ, घोळ, तरोटा, फुकटच्या सगळ्या भाज्या गेल्या. त्या आम्ही पदरात घालून आणायचो.

पुढे वारं फिरलं. शहरातल्या लोकांना विषमुक्त पाहिजे झालं. नानासाहेबांनी दुकान विकलं, गाई घेतल्या, धोतर घेतलं आणि सेंद्रिय झाले. त्यांच्या पंचवीस एकरांत फवारणी बंद. आता तणाला काही ते सांगायला कुणी गेलं नव्हतं. ते पहिल्यापेक्षा जोरात आलं. मग नानासाहेबांचा माणूस आमच्या वस्तीत आला आणि म्हणाला, बाया पाहिजेत.

चौदा जणी आहोत. आषाढापासून भादव्यापर्यंत काम पुरतं. बाकी शिवारात कुणीच हातानं निंदून घेत नाही, सगळीकडे पंप. सेंद्रिय म्हणजे काय असं मला कुणी विचारलं, तर मी सांगते, कंबर.

नानासाहेबांनी मेहकरात सेंद्रिय मालाचं दुकान काढलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद उत्तमभाऊजींना झाला. तिथल्या मुगाच्या पिशवीवर सगळंच लिहिलेलं. शेतकऱ्याचं नाव, फोटो, गाव, वावर कोणतं, पेरलं कधी, खत कोणतं. भाऊजी पिशवी घेऊन आमच्या ओट्यावर आले. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "वैनी, आयुष्यात पहिल्यांदा तिकीट काढून बसलेला मूग पाह्यला."

महिनाभर ते त्या दुकानाचे बिनपगारी नोकर झाले. दारात उभे राहून लोकांना आत पाठवायचे, "पुढं सरका, आत जागा हाये."

मग एक दिवस दुपारी ते पुन्हा ओट्यावर आले. हातात तीच पिशवी. मोठ्यानं वाचायला लागले. "शेतकरी, नानासाहेब. बराबर. खत, कपिला अन् गंगा या देशी गाईंचं शेण. म्हणजे गाई दोन, दोघींची नावं. बराबर. वैनी, तण कोण काढलं?"

"आम्ही."

"मंग हे कुठं लिहिलं?"

मी हसले. म्हटलं, "भाऊजी, आम्ही का दूध देतो?"

शेवंताही हसली. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी पिशवी उलटी करून पाहिली, तळाशी पाहिलं, शिवणीत पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन विचारून आले. तिथला पोरगा म्हणाला, जागा नाही उरली. भाऊजी म्हणाले, फोटो लहान करा. तो म्हणाला, नानासाहेबांना विचारतो. तिसऱ्या दिवशी भाऊजी पुन्हा गेले.

अशात नानासाहेबांनी शिवारफेरी ठरवली. शहरातले ग्राहक येणार, वावर पाहणार, जेवणार, माल घेऊन जाणार. आणि त्यांच्यासमोर दोन शब्द बोलायला कोण, तर दुकानाचे पहिल्या दिवसापासूनचे गिऱ्हाईक, तीन टप्प्यांवाले उत्तमराव. नानासाहेब स्वतः येऊन सांगून गेले.

भाऊजी मला म्हणाले, "आता तर माईकच देऊन राह्यले. सगळ्यायसमोर इचारतो."

त्या संध्याकाळी आमच्या टोळीतल्या बाया माझ्या दारात जमल्या. भाऊजी माईकवर आमचं नाव काढणार, हे सगळ्यांच्या कानावर गेलं होतं. मी उठले आणि शेजारी गेले.

"भाऊजी, माईक हाती आला की टप्प्याचं बोला, मिठाच्या पासाचं बोला, हसवा लोकायले. आमचं नाव काढू नका."

"काऊन?"

"नानाले पाव्हण्यायसमोर कमीपणा आला तर तो काय करीन?"

"लेबल बदलीन."

"पंप आणीन भाऊजी. अन् पंप नाही आणला तरी दुसऱ्या गावच्या बाया आणीन. आमच्या चौदा जणीले मंग कोण बोलावते? सगळं शिवार तर फवारून राह्यलं."

भाऊजींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "वैनी, तीस वर्षांत मी बिनतिकिटाचा माणूस सोडला नाही, अन् तिकीटवाल्याले खाली उतरवलं नाही. हे मले नाही जमायचं."

"जमवा."

आतून शेवंता म्हणाली, "तुमी जा वैनी, मी यायच्या तोंडात सुपारी कोंबून धाडते."

शिवारफेरीच्या दिवशी दोन मोठ्या गाड्या आल्या. पाहुण्यांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या आणि प्रत्येकाच्या हातात विकतच्या पाण्याची बाटली, वर डोंगराचं चित्र. भाऊजींनी एका बाटलीकडे असं पाहिलं की मी लांबूनच खाकरले. त्यांनी मान फिरवली. मला वाटलं, चला, सुरुवात बरी झाली.

आम्हाला मुगात निंदायला सांगितलं होतं. काम तर आदल्या दिवशीच उरकलं होतं, पण फोटोत वावर रिकामं बरं दिसत नाही. आम्ही निंदलेल्या मुगात पुन्हा निंदत बसलो. माझे गुडघे भरून आले म्हणून मी जरा उभी राहिले, तर एक ताई मोबाईल धरून गोड आवाजात म्हणाली, "आजी, उभ्या नका ना राहू, वाकलेल्याच छान दिसता."

मी म्हटलं, "बाई, पन्नास वर्षं वाकलेलीच हाये. छान दिसतो असं कोणी सांगितलंच नाही, नाही तर उठलीच नसती."

ती हसली, तेही तिनं मोबाईलमध्ये घेतलं.

मग सगळे लिंबाखाली जमले. नानासाहेब बोलले, मातीबद्दल, गाईंबद्दल, पूर्वजांबद्दल. खतं-औषधांच्या दुकानाचं बोलणं तेवढं राहून गेलं. मग माईक भाऊजींकडे आला. आणि काय सांगू, भाऊजींनी सभा जिंकली. मिठाचा पास, चहा ज्येष्ठ नागरिक, विमानातून उतरलेलं किवी. पाहुणे पोट धरून हसले. टाळ्या थांबेनात. मी मनात म्हटलं, आता द्या माईक परत, भाऊजी.

तेवढ्यात पाहुण्यांतल्या एका चष्मेवाल्यानं हात वर केला. अभ्यासू माणूस असावा. "फवारणी करत नाही, मग तणाचं काय करता?"

नानासाहेब म्हणाले, "आम्ही सगळं हातानं काढतो."

हात त्यांनी जोडलेले होते, सगळ्यांना दिसत होते. पांढरेशुभ्र, बोटात दोन अंगठ्या.

माईक अजून भाऊजींच्याच हातात होता. त्यांनी नानासाहेबांच्या हातांकडे पाहिलं. मग आमच्याकडे पाहिलं. आम्ही चौदाजणी जरा मागे, उन्हाच्या बाजूला उभ्या होतो.  माझ्या शेजारची गंगू माझा हात इतका घट्ट धरून होती की बांगडी रुतली. मी मान हलवली. नाही. जराशीच हलवली, पण हलवली.

भाऊजींनी माईक तोंडाजवळ नेला. "चला," ते म्हणाले, "जेवण थंड होऊन राह्यलं."

जेवणात वरण-बट्टी होती, वांगी होती आणि तरोट्याची भाजी होती. तिच्यापुढे सुंदर अक्षरात पाटी, "दुर्मीळ रानभाजी". आदल्या दिवशी आम्हीच उपटून बांधावर टाकलेला तरोटा तो. पाहुणे दुसऱ्यांदा मागून खात होते. भाऊजींसाठी नानासाहेबांच्या शेजारी खुर्ची ठेवली होती. ते ताट घेऊन आले आणि आमच्या पंगतीला मांडी घालून बसले. एकाही पदार्थाला त्यांनी काही विचारलं नाही. वाढलं ते खाल्लं. शेवंता तिथे असती तर भाऊजींना ताप आला असेल असं वाटून तिनं त्यांच्या कपाळाला हात लावला असता.

निघताना नानासाहेबांनी आम्हाला सांगितलं, सोमवारपासून तुरीत या. चौदाही जणी या. गंगूनं तेव्हा कुठे माझा हात सोडला.

नानासाहेब भाऊजींना गाडीतून सोडतो म्हणाले, पण ते आमच्यासोबत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढले. रिकाम्या पोत्यावर बसले. बाया दिवसभराचं साचलेलं बोलत होत्या, पाहुण्यांच्या टोप्यांची नक्कल करत होत्या. भाऊजी रस्त्याच्या कडेची वावरं बघत होते. मला वाटलं, माझ्यावर रागावले आहेत. मी त्यांच्याजवळ सरकले.

"भाऊजी, बोला काही."

"वैनी," ते म्हणाले, "तुमी लग्न होऊन आल्या तवा माह्या मायच्या टोळीत जात होत्या ना?"

"हाव. खुरपं धराले तिनंच शिकवलं मले."

"मी तवा बुलडाण्याले, होस्टेलात. माय भाकरी यष्टीनं धाडे. फडक्यात बांधून डायवरच्या मांगं ठेवून दे. मी स्टँडवर जाऊन घेऊन येत होतो." त्यांनी पोत्याची सुटलेली सुतळी बोटाला गुंडाळली. "गाडी कोणती, ते मले आजही पाठ हाये. डायवर कोण, कोणत्या दिवशी लेट झाली, कोणत्या दिवशी टायर फुटलं, सगळं सांगतो. पण ज्वारी कोण्या वावरातली, ते मी मायले कधी इचारलंच नाही. निंदाले जाते येवढं माहीत. मजुरीत ज्वारी भेटते येवढं माहीत. कुठं जाते, ते नाही. मंग नोकरी लागली. इचारू, इचारू म्हणेस्तोवर माय गेली."

ट्रॉली खड्ड्यातून गेली, सगळ्या बाया एकमेकींवर पडल्या आणि हसल्या. भाऊजी माझ्याकडे बघत होते.

"कोणकोणत्या वावरात जाये ती?"

आता खरं सांगायचं तर मला काय आठवणार. पन्नास वर्षं झाली. मी सोळा वर्षांची, नवी नवरी, डोक्यावरचा पदर सांभाळत निंदणारी. शिवाय वाकलेल्या माणसाला वावर दिसत नाही. त्याला फक्त त्याची ओळ दिसते.

पण गिरजामाय, भाऊजींची माय, दिसली मला. ओळीच्या टोकाला सगळ्यांच्या आधी पोचायची आणि मागे वळून माझी अर्धी ओळ काढून द्यायची.

"पैनगंगेच्या काठाचं," मी म्हणाले.

"पैनगंगेच्या काठाचं," भाऊजी म्हणाले.

"मंग ते बरडाचं, मोठ्या चिंचेचं."

"चिंचेचं."

"विहिरीजवळची पट्टी. तिथं ज्वारी लय गोड पिके."

"ती धाडली असन का तिनं?"

"तीच धाडे. दुसरी घरी ठेवे."

भाऊजींनी मान हलवली आणि पुढचं ऐकायला थांबले. मेहकर यायला अजून बराच वेळ होता. मी आठवली तेवढी वावरं सांगितली. मग नाही आठवली तीही सांगितली.